विश्वजित् यज्ञ आणि गोल्डन व्हिसा

विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपलं सर्वस्व दक्षिणा म्हणून देऊन टाकायचं असतं. जैमिनीच्या पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात या विधीची चर्चा येते. वरवर पाहता ती कर्मकांडातली बारीकसारीक चिकित्सा वाटते, पण तिचा रोख फार दूरवर जातो. सर्वस्व म्हणजे नेमकं काय काय? आईवडील आपलेच असतात, मग तेही देता येतील का? नाही, कारण ते आपले असले तरी आपल्या मालकीचे नसतात. यजमान सार्वभौम राजा असेल, तर त्याने पृथ्वी दान करावी का? याचंही उत्तर नाही असंच आहे. भाष्यकार शबराने दिलेलं कारण असं: शेताला मालक असतो, पण पृथ्वीशी सगळ्या माणसांचं नातं सारखंच असतं, आणि राजाचं नातं त्याहून वेगळं नाही. राजा रक्षण करतो आणि त्याबद्दल पिकाचा ठरलेला वाटा घेतो; त्याचा हक्क तिथेच संपतो. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने ‘व्यवहारमयूखा’त हाच विचार पुढे नेला. मुलूख जिंकला तरी राजाला मिळतो तो कर घेण्याचा अधिकार; जमिनीची मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते. राजा एखाद्याला गाव इनाम देतो, तेव्हाही तो महसूलच देत असतो. ब्रिटिश काळात पश्चिम भारतातल्या न्यायालयांनी हिंदू कायद्याच्या प्रश्नांवर या ग्रंथाचा आधार घेतला, म्हणजे हा विचार पोथीत पडून राहिला नव्हता.

हा जुना वाद आज आठवायला एक ताजं कारण आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने माल्टा या बेटांच्या देशाविरुद्ध निकाल दिला. परदेशी धनिकाने सहा लाख युरो सरकारी तिजोरीत भरले तर तीन वर्षांनी, आणि साडेसात लाख भरले तर एकाच वर्षाने माल्टाचं नागरिकत्व मागता येत होतं. वर घर विकत घेण्याची किंवा भाड्याने घेण्याची आणि देणगीची अट. माल्टाचं म्हणणं होतं की आपला नागरिक कोण हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राचा आहे. न्यायालयाच्या महाधिवक्त्यांनी सहा महिन्यांपूर्वी हेच मत मांडलं होतं. न्यायालयाने मात्र ते मानलं नाही. राज्य आणि नागरिक यांच्यात एकजुटीचं आणि सद्भावाचं नातं असतं, आणि आधीच ठरवलेल्या रकमेच्या बदल्यात ते देणं हा व्यापार आहे, असं न्यायालयाने ठरवलं. निकाल कायद्याच्या भाषेत आहे, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न विश्वजित् यज्ञातलाच आहे. राज्यकर्त्याच्या हातात जे आहे, त्यातलं त्याच्या मालकीचं किती? देशात येण्याचा, राहण्याचा आणि तिथलं होण्याचा अधिकार त्याला विकता येतो का? माझं उत्तर असं आहे की येत नाही, कारण तो या अधिकाराचा विश्वस्त आहे. मात्र या उत्तरातून जी कर्तव्यं निघतात ती विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यावर फार जड पडतात, आणि ही दुसरी बाजू या निकालाचं स्वागत करणाऱ्यांनी सहसा पाहिलेली नाही.

आधी विक्रीला नेमकं काय असतं ते पाहू. पोर्तुगालने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोल्डन व्हिसा सुरू केला, तेव्हा तो देश कर्जात बुडाला होता. आदल्याच वर्षी त्याला ७८ अब्ज युरोंचं बाह्य साहाय्य घ्यावं लागलं होतं. पाच लाख युरोंची मालमत्ता घ्या आणि निवासाचा परवाना मिळवा, अशी ती योजना होती. पाच वर्षांनी, पोर्तुगीज भाषेची प्राथमिक परीक्षा देऊन, नागरिकत्वासाठी अर्जही करता येई. अटींमधली सर्वांत महत्त्वाची अट रकमेची नव्हती, मुक्कामाची होती: वर्षाला सरासरी सात दिवस देशात राहिलं की पुरे. त्याच पोर्तुगालमध्ये शेतात राबायला किंवा हॉटेलात भांडी घासायला आलेल्या नेपाळी, बांगलादेशी वा ब्राझिलियन माणसाने सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर काढला, तर त्याचा निवासाचा परवाना धोक्यात येतो. ग्रीसने २०१३ मध्ये आपली योजना काढली आणि तिच्यात मुक्कामाची अटच ठेवली नाही. अडीच लाख युरोंचं घर घेतलं की झालं. २०२४ मध्ये अथेन्सचा परिसर, थेस्सालोनिकी आणि सँतोरिनीसारख्या बेटांसाठी ही रक्कम आठ लाखांवर गेली, कारण स्थानिक लोकांना घरं परवडेनाशी झाली होती. म्हणजे या बाजारात प्रवेश विकला जात नाही, घरही विकलं जात नाही. घर तर खासगी मालक विकतोच. राज्य विकतं ती सूट आहे: तिथे न राहता तिथला रहिवासी ठरण्याची सूट. इतरांना हा दर्जा आयुष्याची वर्षं घालून मिळवावा लागतो, आणि हेच एक चलन असं आहे की ते श्रीमंताकडेही गरिबाइतकंच असतं.

विश्वस्त आणि मालक यांतला फरक मराठी वाचकाला देवस्थानच्या जमिनींवरून चांगला कळतो. पुजारी, वहिवाटदार किंवा विश्वस्त ती जमीन कसतो, तिचं उत्पन्न देवाच्या खर्चाला लावतो, पण स्वतःच्या मर्जीने ती विकू शकत नाही, कारण ती देवाची आहे. हाच नियम ख्रिस्ती परंपरेत फार काटेकोरपणे मांडला गेला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सायमन नावाचा एक जादूगार येतो. हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य आपल्यालाही मिळावं म्हणून तो येशूचा प्रेषित पेत्र याला पैसे देऊ करतो आणि पेत्र त्याला झिडकारतो. त्याच्या नावावरूनच धर्मपदांच्या खरेदी-विक्रीच्या पापाला सायमनी म्हणतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने हे पाप का आहे याची तीन कारणं दिली. अशा वस्तूला पृथ्वीवरची कोणतीही किंमत पुरत नाही. ती ईश्वराच्या कृपेतून, विनामूल्य आलेली असते. आणि बिशप तिचा स्वामी नसून कारभारी असतो. पहिली दोन कारणं श्रद्धेवर उभी आहेत, आणि देशाच्या सदस्यत्वाला मी पवित्र मानत नाही. राष्ट्राला देव मानण्यातून काय अनर्थ होतो हे विसाव्या शतकाने पुरेसं दाखवलं आहे. तिसरं कारण मात्र श्रद्धेशिवायही उभं राहतं, आणि शबराचं म्हणणंही तेच आहे. जे आपल्या स्वाधीन आहे पण आपलं नाही, ते विकणं म्हणजे दुसऱ्याचं विकणं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सरकारं रोज सार्वजनिक मालमत्ता विकतात: खाणी, वाळूचे ठेके, ध्वनिलहरी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, तेव्हा राज्य नैसर्गिक संपत्तीचं विश्वस्त आहे याच तत्त्वावरून त्या परवान्यांचा लिलाव व्हायला हवा होता असं म्हटलं. म्हणजे विश्वस्तपणा विक्रीच्या आड येत नाही. उलट, चांगली किंमत काढण्याचं कर्तव्य घालतो. याच धाग्याने पुढे जाऊन नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी २०१० मध्ये लंडनच्या व्याख्यानात सुचवलं की देशात येण्याचा हक्क सरळ किंमत ठेवून विकावा. पन्नास हजार डॉलरचा आकडा त्यांनी उदाहरणादाखल घेतला, आणि ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांना कर्ज मिळावं असंही सांगितलं. या युक्तिवादात एक प्रामाणिकपणा आहे, आणि अनेक देशांच्या मनमानी व्हिसा पद्धतीपेक्षा तो निदान उघड तरी आहे. पण त्यात एक गोष्ट निसटते. विश्वस्त बागेतले आंबे विकू शकतो. बाग कोणासाठी आहे ते ठरवणारी यादी विकू शकत नाही. ध्वनिलहरी विकल्या तर मिळालेला पैसा लाभार्थींचा, म्हणजे जनतेचा होतो. सदस्यत्व विकलं तर लाभार्थी कोण हेच बदलतं, आणि ते बदलण्याचा निकष विश्वस्ताच्या तिजोरीचा फायदा हा ठरतो. ज्या कारणासाठी विश्वस्ताची नेमणूक झाली, तेच कारण तो विकायला काढतो. कोण आपल्यात यावं हे ठरवणं राज्याचं काम आहेच, पण तो निर्णय ज्या नात्यासाठी घ्यायचा त्या नात्यातूनच त्याचे निकष यायला हवेत. भाषा शिकणं, काम करणं, मुलं तिथल्या शाळेत घालणं, कर भरणं, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणं, आणि या सगळ्यासाठी तिथे हजर असणं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पैशाने सदस्यत्व मिळवणं अन्यायाचं असेल, तर जन्माने मिळवणं काय न्यायाचं आहे? कॅनडाचे तत्त्वज्ञ जोसेफ कॅरन्स यांनी १९८७ मध्येच लिहिलं होतं की श्रीमंत लोकशाही देशाचं नागरिकत्व आज सरंजामी काळातल्या उच्च जन्मासारखं झालं आहे. अॅयलेट शाखार यांनी २००९ च्या पुस्तकात त्याला जन्माची सोडत म्हटलं आणि त्याची तुलना वारसाहक्काने मिळालेल्या इस्टेटीशी केली. बायबलमध्ये याचा एक जुना प्रसंग आहे. जेरुसलेममध्ये रोमन अधिकारी पौलाला फटके मारायला निघतो, तेव्हा आपण रोमन नागरिक असल्याचं पौल सांगतो. अधिकारी म्हणतो की त्याला स्वतःला हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळालं, आणि पौल उत्तरतो की तो जन्मतःच नागरिक आहे. वाचणाऱ्याची सहानुभूती पौलाकडे जाते. पण विचार केला तर पौलाने त्यासाठी काय केलं होतं? आक्षेप घेणारा म्हणेल की विकत घेणाऱ्याने निदान काहीतरी मोजलं.

मी हा आक्षेप मान्य करतो, आणि त्याचा परिणामही मान्य करतो: जन्मानेच काही पवित्र होत नाही. गोव्याचं उदाहरण इथे थेट लागू आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि ठरावीक पिढ्यांपर्यंत त्यांच्या मुलानातवंडांना, पोर्तुगालच्या नोंदणीत जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्यातल्या कित्येकांनी पोर्तुगाल पाहिलेलाही नसतो, आणि ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर हजारो जण त्या पासपोर्टवर स्विंडनसारख्या इंग्रजी शहरांत राहायला गेले. मुक्कामाच्या निकषावर हेही गोल्डन व्हिसाइतकंच पोकळ नव्हे का? एका अर्थाने आहे. फरक इतकाच, पण तो मोठा आहे: पोर्तुगालने साडेचारशे वर्षं या लोकांवर राज्य केलं, त्यांची जमीन, धर्म, कायदा आणि आडनावंसुद्धा बदलली, आणि ते सगळं त्यांना आपलं म्हणवून केलं. त्यांना दरवाजा उघडा ठेवणं ही जन्माला दिलेली बक्षिसी नाही, जुन्या नात्याचं देणं आहे. मुख्य मुद्दा असा की जन्माच्या हक्कातही जो भाग टिकतो, तो रक्तामुळे टिकत नाही. मूल सहसा जिथे जन्मतं तिथेच वाढतं, तिथली भाषा बोलतं, तिथल्या सुखदुःखात सापडतं, आणि जन्म हा या पुढच्या आयुष्याचा सोयीचा अंदाज असतो. शाखार यांनीही पुढे जाऊन खऱ्या नात्यावर आधारलेल्या नागरिकत्वाचीच बाजू घेतली. जन्माचा अन्याय कोणी नाकारू शकत नाही. पण लिलाव हा सोडतीवरचा उतारा होत नाही. लिलावात भाग घ्यायला मुळात आधीची सोडत जिंकलेली असावी लागते.

कोणी विचारेल की कौशल्यावर व्हिसा देणं तरी काय वेगळं? डॉक्टर आणि संगणक अभियंता निवडून घ्यायचे, गवंडी घ्यायचा नाही, हाही एक सौदाच. यात तथ्य आहे, आणि श्रीमंत देश गरीब देशांतले शिकलेले लोक उचलतात यातला अन्याय वेगळा मांडायला हवा. पण कौशल्य माणसापासून सुटं करता येत नाही. डॉक्टर आला की तो तिथल्या रुग्णांना हात लावतो, रात्रपाळी करतो, त्या शहरात म्हातारा होतो. पैसा मात्र माणसाशिवाय येऊ शकतो, आणि म्हणूनच त्याच्याबरोबर माणूस न येण्याची सोय विकता येते. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने ‘गोल्ड कार्ड’ काढलं, त्यात हा फरक पुसण्याचा उघड प्रयत्न आहे: व्यक्तीने सरकारला दहा लाख डॉलर भेट दिले की ती भेटच असामान्य गुणवत्तेचा पुरावा मानली जाईल. गुणवत्तेची जागा पैशाने घेतली आहे आणि कागदावर मात्र गुणवत्तेचंच नाव आहे.

गरजेचा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. कॅरिबियन समुद्रातलं सेंट किट्स आणि नेव्हिस १९८३ मध्ये स्वतंत्र झालं आणि १९८४ मध्ये त्याने गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व द्यायला सुरुवात केली; आज चाललेल्या अशा योजनांमध्ये ती सर्वांत जुनी. ज्या साखरेसाठी त्या बेटांवर गुलाम आणले गेले, तो साखरेचा धंदा तिथे २००५ मध्ये बंद पडला. शेजारच्या डॉमिनिकावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ आलं आणि एका रात्रीत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक नुकसान करून गेलं. घरं पुन्हा बांधायला पासपोर्ट विकून आलेला पैसा वापरला गेला. ज्यांना साम्राज्यांनी उसाच्या मळ्यांपलीकडे काही होऊ दिलं नाही, ज्यांच्या वाट्याला तापलेल्या समुद्राची वादळं येतात आणि तो समुद्र तापवण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांना नीतीचे धडे देण्याचा अधिकार लंडन वा ब्रसेल्सला नाही. महाभारतातल्या शांतिपर्वात आपद्धर्माची मोठी चर्चा आहे, आणि जगण्यासाठी एरवी निषिद्ध ते करावं लागतं हे तिथे मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. पण आपद्धर्माला दोन मर्यादा असतात. तो आपत्ती असेपर्यंतच धर्म असतो, आणि तो करणाऱ्याने त्याला नेहमीचा धर्म म्हणू नये. डॉमिनिकाला मी या दोन्ही मर्यादांत बसवू शकतो. पोर्तुगालला २०१२ मध्ये कदाचित बसवता आलं असतं, २०१९ मध्ये नाही. घरखरेदीचा मार्ग बंद करायला त्याला ऑक्टोबर २०२३ उजाडला, आणि गुंतवणूक निधींचा मार्ग त्यानंतरही उघडा राहिला. माल्टाला तर कधीच नाही. २०१४ मध्ये माल्टाने नागरिकत्वाची किंमत जाहीर केली. त्याच वर्षापासूनची मोजदाद सांगते की भूमध्य समुद्रात तीस हजारांहून अधिक माणसं युरोपात पोचण्याच्या धडपडीत मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतल्या कित्येकांची वाट माल्टाजवळच्याच पाण्यातून जात होती.

सदस्यत्व पैसे घेऊन देणं हे आधुनिक भांडवलशाहीचं पाप आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. मराठी मुलखातल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराला जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क आणि गावात मान. उपऱ्याला कसण्यापुरती जमीन, आणि गावाच्या निर्णयात आवाज नाही. उपऱ्याला मिरासदार होता येई, आणि त्यासाठी पैसे मोजल्याची मिरासपत्रं उपलब्ध आहेत. मग आपल्याकडेही हा बाजार होताच की. पण व्यवहाराची रीत पाहिली तर दोन गोष्टी दिसतात. मिराशी देताना पाटील एकटा नसे. गावच्या लोकांची साक्ष आणि संमती लागे. आणि उपरी हा बाहेर बसून मिराशी घेणारा माणूस नव्हता. तो त्याच गावात राबत असे, मोडलेली पडीक जमीन उठवत असे. पैशाने त्याला नातं मिळत नव्हतं, असलेल्या नात्याला दर्जा मिळत होता. त्या व्यवस्थेत जातीचा आणि जन्माचा अन्याय ठासून भरलेला होता, तिचं मला कौतुक करायचं नाही. पण पैसा आणि मुक्काम यांचा क्रम तिला कळत होता, तो लिस्बनच्या कायद्याला कळला नाही.

हाच क्रम लावला की विकत घेणाऱ्याविषयीचा माझा निवाडाही बदलतो. अमेरिकेत १९९० पासून ईबी-५ नावाचा व्हिसा आहे. मार्च २०२२ च्या सुधारणेनंतर ग्रामीण किंवा बेरोजगारीच्या भागातल्या प्रकल्पात आठ लाख डॉलर, इतरत्र साडेदहा लाख गुंतवायचे आणि किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करायच्या, की ग्रीन कार्डाचा मार्ग खुला होतो. हे वाचून पुण्यातला किंवा ठाण्यातला एखादा बिल्डर डोळ्यासमोर येईल. पण त्याच सुधारणेने अमेरिकेत आधीच असलेल्यांना तिथूनच अर्ज करून निकाल येईपर्यंत थांबण्याची मुभा दिली, आणि तेव्हापासून अर्जदारांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहणारे भारतीय मोठ्या संख्येने दिसू लागले. कोणत्याही एका देशाला वर्षातल्या सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डं नाहीत, या नियमामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांबली आहे की दशकाहून जुन्या अर्जांवर आत्ता निर्णय होत आहेत. त्या काळात या माणसांनी कर भरले, घरं घेतली, मुलं वाढवली. आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं, ही टांगती तलवारही सोसली. अशा कुटुंबाने घरावर कर्ज काढून, गावाकडची जागा विकून, रिझर्व्ह बँकेच्या माणशी अडीच लाख डॉलरच्या वार्षिक मर्यादेत भारतातल्या चौघा नातलगांकडून पैसे मागवून आठ लाख उभे केले, तर त्याला सायमन जादूगाराच्या पंगतीत बसवायचं का? अक्वायनसने याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे. हक्क मिळण्याआधी अडथळा पैशाने दूर करणं हे सायमनीच. पण ज्याचा हक्क आधीच सिद्ध झाला आहे, त्याने अन्यायाने आडव्या आलेल्या माणसाला पैसे देऊन वाट मोकळी करून घेतली, तर देणाऱ्याला पाप लागत नाही. दहा वर्षं राहून ज्याने तिथलं असणं कमावलं आहे तो सदस्यत्व विकत घेत नाही. तो खंडणी भरतो. दोष खंडणी घेणाऱ्याचा.

इथूनच माझ्या तत्त्वाची दुसरी बाजू सुरू होते, आणि ती न सांगता पहिली सांगणं हा ढोंगीपणा होईल. मुक्कामाने नातं घडतं असं म्हणून पैसेवाल्याला बाहेर ठेवायचं असेल, तर त्याच न्यायाने राहणाऱ्याला आत घ्यावं लागतं. १९५५ च्या नोटेबोम खटल्यात हा धडा उलट्या बाजूने मिळतो. हँबर्गमध्ये जन्मलेले फ्रीड्रिख नोटेबोम १९०५ पासून ग्वाटेमालात राहिले, तिथे धंदा केला, आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी लिख्टेनश्टाइनचं नागरिकत्व घेतलं. त्यासाठी त्यांनी माउरेन गावाला २५ हजार आणि राज्याला साडेबारा हजार स्विस फ्रँक भरले, आणि तीन वर्षांच्या मुक्कामाची अट माफ करून घेतली. युद्धात ग्वाटेमालाने त्यांना शत्रुदेशाचा नागरिक ठरवून अमेरिकेच्या हवाली केलं आणि पुढे त्यांची मालमत्ता जप्त केली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अकरा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की लिख्टेनश्टाइनशी त्यांचं खरं नातं नव्हतं, म्हणून तो देश त्यांची बाजू मांडू शकत नाही. नातं नव्हतं हे खरंच होतं. पण मग ज्या देशाशी त्यांचं चौतीस वर्षांचं नातं होतं, त्या ग्वाटेमालाला न्यायालयाने त्या नात्याबद्दल काहीच विचारलं नाही. खऱ्या नात्याचं तत्त्व एका माणसाला उघडं पाडण्यासाठी वापरलं गेलं आणि त्याला छप्पर देण्याच्या वेळी कोणालाच आठवलं नाही. युरोपीय न्यायालयाचा २०२५ चा निकाल मला मान्य आहे, पण जोवर युरोपातल्या शेतांत आणि बांधकामांवर दशकभर राबणाऱ्यांना कागद मिळत नाहीत, तोवर तो निकाल अर्धाच आहे.

यावर असं म्हटलं जाईल की सगळ्या राहणाऱ्यांना हक्क दिला तर बेकायदा राहण्याला उत्तेजन मिळेल. त्या भीतीत तथ्य आहे, म्हणून कालावधी, वर्तणूक, भाषा यांच्या अटी राज्याने ठेवाव्यात. विश्वस्ताला अटी घालण्याचा अधिकार असतोच. तत्त्वज्ञ काण्टने १७९५ च्या शांततेवरच्या निबंधात भेटीला येण्याचा हक्क सर्वांना दिला, कायम राहण्याचा दिला नाही, आणि त्या हक्काचा पाया पृथ्वीवर सगळ्यांचा मूळचा सामाईक हक्क हाच ठेवला. शबराशी हे विलक्षण जुळतं. अटी असाव्यात, पण त्या पुऱ्या करणं साध्या माणसाला शक्य असावं, आणि पैसे भरून त्यांतून कोणाला सुटता येऊ नये. गुंतवणूक हवी असेल तर राज्याने ती गुंतवणूक म्हणून घ्यावी, गुंतवणूकदाराला ये-जा करण्याचा व्हिसा द्यावा, कामासाठी राहायचं असेल तर राहण्याचा परवाना द्यावा. पुढचा दर्जा मात्र इतर सगळ्यांच्या रांगेत, इतरांइतकेच दिवस मोजून.

आपल्याला हा प्रश्न केवळ बाहेर जाणाऱ्यांचा वाटतो. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजारांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, त्याची चर्चा खूप झाली. पण भारत स्वतःही दार सांभाळणारा विश्वस्त आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी निवासाची योजना मंजूर केली: अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये आणा, दर वर्षी वीस भारतीयांना रोजगार द्या, आणि दहा वर्षांचा, पुढे आणखी दहा वर्षं वाढवता येणारा निवासी दर्जा घ्या. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या बाजूला नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. तिथे राहणाऱ्या, भारताचे नागरिक न झालेल्या तिबेटी माणसाला परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र बाळगावं लागतं आणि मुदत संपली की त्याचं नूतनीकरण करावं लागतं. तमिळनाडूत १९८३ नंतर आलेले श्रीलंकेतले तमिळ निर्वासित अजून छावण्यांत आहेत. त्यांची तिथेच जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि नागरिकत्व कायद्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने कागदांशिवाय आलेल्यांना बेकायदा ठरवून त्यांची वाट आणखी अडवली आहे. दहा कोटींचा दर ठरवायला केंद्राला एक मंत्रिमंडळ बैठक पुरली. या लोकांच्या पन्नास आणि चाळीस वर्षांच्या मुक्कामाचं काय करायचं हा प्रश्न त्याच मंत्रिमंडळासमोर तितक्याच सहजतेने मांडता येतो, आणि तो मांडण्यासाठी पैशाची तरतूदही लागत नाही.